दातांत धरलेला पेचकस

महाल, नागपूर
१२ डिसेंबर १९४५

प्रिय तारा,

दिवाळीला येऊन गेलीस, त्यानंतर तुझं एक अक्षर नाही. जबलपूरची डाक बंद पडली म्हणावं, तर शेजारच्या इंदुताईंना त्यांच्या लेकाची पत्रं तिथूनच येतात. तू रागावली आहेस. निघताना पाया पडलीस, पण माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस, तेव्हाच कळलं मला. तुझी आई असती तर तिनं तुला तिथल्या तिथे बोलतं केलं असतं. मला ते कधी जमलं नाही, म्हणून आधी शाळेचंच सांगतो.

मोटारीच्या वर्गाला यंदा मॅट्रिकची पोरं आहेत. लढाई संपली, पण पेट्रोल अजून कुपनावर, त्यामुळे लॉरीचं जुनं इंजिन लाकडी घोडीवर नुसतं बसून असतं. पोरं ते खोलतात, पुसतात, पुन्हा जोडतात आणि कपडे काळेकुट्ट करून घरी जातात. मागच्या आठवड्यात शालिकरामची आई तणतणत थेट वर्गात आली. ‘पोराले शाळेत धाडलं का तेलघाण्यावर? साबण कुठून आणू जी मी?’ हेडमास्तर हसले म्हणून मीही हसलो. ती काय म्हणाली, ते मागाहून शालिकरामनं मला पाटीवर लिहून दाखवलं. गुणी पोरगा आहे, कुणाला काही बोलत नाही.

परवा बाटलीभर पेट्रोल मिळालं आणि इंजिन एकदाचं चालू झालं. पोरं नाचली. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली की आतली खटखट नेमकी ऐकू येते, हे मीच त्यांना शिकवलेलं. अलीकडे मी ती मूठ दातांत धरतो. पोरांनी ते पाहिलं, आणि परवा सगळा वर्ग दातांत पेचकस धरून इंजिनाभोवती वाकून उभा! मास्तर करतात म्हणजे तेच बरोबर. आधी मला हसू आलं, मग फार एकटं वाटलं. घरी येऊन ही गंमत सांगावी असं आता कुणी नाही.

तारा, मला ऐकू येत नाही गं. उन्हाळ्यापासून कमी होत गेलं. आता दातांतून हाडाला जे कळतं तेवढंच. शाळेत कळलं तर वर्ग दुसऱ्याकडे जाईल, म्हणून लपवलं. तुला कळलं तर तू मला उचलून जबलपूरला नेशील, म्हणून तुझ्यापासूनही लपवलं. तू जायच्या आदल्या संध्याकाळी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होतीस आणि बराच वेळ काहीतरी सांगत होतीस. समोर असलीस तर ओठांवरून थोडंफार कळतं, पाठमोरी असताना काय कळणार? मी आपला ‘हं, हं’ करत जेवत राहिलो. मग तू वळलीस तर डोळे भरलेले, आणि मी म्हणालो, ‘भाकरी छान झाली आहे.’ पोरी, तू काय सांगत होतीस? तुला तिथे कुणी दुखवतं का? जावईबापूंचं काही आहे का? त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. सगळं पुन्हा लिहून पाठव, नाहीतर सरळ निघून ये आणि माझ्यासमोर बसून सांग. वर्ग जायचा तर जाऊ दे.

तुझाच,
बाबा