परतीची ओळ

३ मार्च
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. आज रुजू झालो. खिडकीजवळची जागा मिळाली. मन प्रसन्न झाले. अर्धवट राहिलेला एक खेळ माझ्याकडे सोपवण्यात आला. त्यात चित्रे नाहीत, काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे: खेळणारा 'पुढे जा' असे टंकतो, खेळ पुढच्या खोलीचे वर्णन करतो. खोल्या याच कार्यालयाच्या, मागच्या अडगळीच्या खोलीसकट. कल्पनेचा दुष्काळ, दुसरे काय.

४ मार्च
माझ्या आधीच्या गृहस्थांनी प्रत्येक दार दोनदा लिहिले आहे, जाण्यासाठी एकदा आणि परतण्यासाठी एकदा. द्विरुक्ती मला असह्य होते. अशा दुबार ओळी तासातासाला आपोआप पुसणारी व्यवस्था बसवली, आरंभ अडगळीपासून. मालकीणबाईंनी विचारले, अहो, एकदा खेळून तरी पाहिलंत का? माझ्या कामाला त्याची गरज नसते, असे मी कळवले. त्या म्हणाल्या, बरं बाबा, तुम्ही शहाणे.

संध्याकाळी ते गृहस्थ राहिलेली पुस्तके न्यायला आले. म्हणाले, भाऊ, परतीची ओळ तेवढी काढू नका हं. मी मान वर केली नाही. ते अडगळीत गेले.

६ मार्च
त्यांच्या पत्नी आल्या. भावजी, हे इकडे आले होते का? नाही म्हणालो.

त्याआधी मी अडगळीच्या उंबऱ्यातूनच डोकावलो होतो. आत चपला होत्या, माणूस नव्हता. आणि पडद्यावर, मी न टंकलेले: 'बाहेर जा.' त्याखाली मीच घडवलेले रेखीव उत्तर: 'इथून वाट नाही.'

७ मार्च
पडद्यावर पुन्हा: 'बाहेर जा. बाहेर जा. भाऊ, ती ओळ—'

उत्तर तेच. ओळ परत लिहिणे क्षणाचे काम. पण मालकीणबाईंसमोर चूक मान्य करायची, तीही 'खेळून पाहिलंत का' असे त्यांनी आधीच विचारलेले असताना— उद्या.

९ मार्च
पडदा गप्प. वहिनी दाराशी बसून आहेत, मांडीवर नवऱ्यासाठी आणलेला डबा. मी मागच्या जिन्याने घरी गेलो.

१० मार्च
ओळ लिहिली. कोणाला सांगितले नाही. अडगळीत आलो.

खोक्यांमागे ते. जिवंत. मागे वळलो तर दार— तास भरला. पुसणारी व्यवस्था मी बंदच केली नव्हती.

ते रागावले नाहीत. सरकून मला जागा दिली.

—
मालकीणबाई, हे पडद्यावर उमटत असेल तर— चूक माझी. केवळ माझी. वहिनींना सांगा, ते आहेत. आधी पुसणारी व्यवस्था बंद करा, मग परतीची ओळ लिहा. हा मजकूर पोचला की नाही ते लेखी कळवा. लेखीच, इथे हाक पोचत नाही. आणि 'इथून वाट नाही' याखेरीज दुसरे काहीही लिहून—