नीलवेगच्या वाकड्या रेषा

४ फेब्रुवारी
एकतिसावा अंक आज टपालाने आला! लहानपणी एवढा एकच निसटला होता. आता 'नीलवेग' चित्रकथेचे साठही अंक पूर्ण. पहिल्यापासून क्रमाने पुन्हा वाचणार — रोज एक, कार्यालयातून आल्यावर, हात धुऊन.

छपाई मात्र सदोष. पान सातवर चौकटीची उभी रेष मध्येच आत गेलेली, नीलवेगची छाती एका बाजूने चेपलेली. विक्रेत्यास सविस्तर पत्र धाडले.

९ फेब्रुवारी
अंक पाचवा. यातही रेषा वाकड्या! हा माझ्याजवळ बाराव्या वर्षापासून आहे. तेव्हा असे नव्हते. ओल लागली असावी. बायकोला दाखवला.

"सरळच तर आहेत. तुमच्या त्या उडत्या माणसापेक्षा सरळ."

११ फेब्रुवारी
विक्रेत्याचा फोन. "साहेब, इतकी वर्षं जुनी पुस्तकं विकतोय, असं पत्र कुणी लिहिलं नाही. चार मुद्दे, त्यांचे पोटमुद्दे! एकदा पट्टी लावून बघा ना."

लावली. पोलादी पट्टी. तीही त्याच जागी वाकली.

"आता पट्टीवाल्याला पत्र लिहा," ही म्हणाली. मी हसलो नाही. मग तीही हसायची थांबली.

१४ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, उजव्याला उशीर झालाय. डाव्यात इंजेक्शनं देऊन बघू. किती टिकेल, सांगता येत नाही. कधीपासून होतंय?"

"नोव्हेंबरपासून," मी म्हणालो. तारीखही ठाऊक होती — कार्यालयातला प्रिंटर 'वाकडे छापतो' म्हणून मीच त्या दिवशी बदलायला लावला होता. बी.कॉम.ला असल्यापासून लोकांच्या चुका शोधतो आहे. ही एकच सापडली नाही.

२७ फेब्रुवारी
अंक सोळावा. रोज एक आता जमत नाही. अक्षरांच्या जागी राखी डाग. डाव्या डोळ्यातही.

८ मार्च
आता ही वाचून दाखवते. संवाद नीट वाचते, चित्रांचे मात्र — "इथे तो उडतोय. इथेही उडतोय."

"कोणत्या दिशेला? कोणती मूठ पुढे?"

"अहो, उडतोय म्हणजे उडतोय! मी काय त्याची आई आहे?"

एकेक चित्र तोंडपाठ होते. काल डोळे मिटून आठवू लागलो, तर तिथेही चौकटी वाकड्याच.

१५ मार्च
दुसरे इंजेक्शन. फरक नाही. हे अंदाजाने लिहितो आहे, जाड पेनाने.

२२ मार्च
अंक बत्तिसावा. नीलवेग धरणाच्या भिंतीला पाठ लावून उभा, भिंतीला तडा गेलेला — इथवर तिने वाचले आणि आवाज थांबला. डुलकी लागली असेल, असे वाटले. मग पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. मग "अगं बाई!" — स्वतःशीच.

मोठ्याने वाचायची आठवण करून दिली नाही. पाने उलटतात, ते ऐकत बसलो.