एकट्यापुरती होडी

बाबा,

गेला महिनाभर मी एका होडीपायी बेजार होतो. इकडे तिला कयाक म्हणतात. एकट्या माणसाची होडी, आपल्या डोंग्याएवढीच अरुंद, पण प्लास्टिकची. मासे धरायची असेल तर तिला बसायला खुर्ची असते आणि गळाची काठी अडकवायला भोकं. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जंगलात एक तलाव आहे. तिथे माणसं सकाळी सकाळी अशा होड्या घेऊन येतात, पाण्यात सरकवतात आणि निवांत निघून जातात. मी काठावर चालायला जातो आणि त्यांच्याकडे बघत उभा राहतो. महिनाभर लॅपटॉपवर त्याच एका कयाकचं पान उघडं होतं. तुमची सून एकदा म्हणाली, "घ्यायची तर घे ना, नाहीतर ते बंद कर. कार घेताना इतका विचार केला नव्हतास." नात तर हसलीच, "बाबा, जस्ट बाय इट ऑलरेडी!" मी दोघींनाही म्हणालो, ठेवायला गराजमध्ये जागा नाही. गराजमध्ये जागा होती.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. मी पाचवीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत काकानं मला गावच्या तलावावर नेलं आणि पहिल्यांदा डोंग्याचा बांबू माझ्या हातात दिला. दुपारपर्यंत मी डोंगा सरळ न्यायला शिकलो होतो. जाळ्यात एक मरळ सापडली, माझ्या हाताएवढी लांब. ती घेऊन मी घरी पळत आलो. आई चुलीपाशी बसलेली, ती मासा बघून खूश झाली, मीठ-हळद काढायला लागली. तेवढ्यात तुम्ही तहसील ऑफिसातून आलात. अंगात तो शिपायाचा खाकी सदरा. तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर मी विसरलो असतो. तुम्ही सायकल भिंतीला टेकवली, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "हापिसात साहेब मले जातीनं हाक मारते, ए मासेमार म्हनते. वीस वर्सं झाली, त्याले माहं नाव माहीत नाही. तुले नावानं हाक मारली पाहिजे लोकायनं. पुन्हा डोंग्यात दिसला तर या घरात पाय ठेवू नको." आईनं रस्सा केला. आम्ही जेवलो. तुम्ही त्या दिवशी चटणी-भाकर खाल्ली.

मी पुन्हा डोंग्यात बसलो नाही. आठवीपासून नागपूरच्या वसतिगृहात, मग इंजिनियरिंग. तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात, त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली. इथे मला सगळे नावानंच हाक मारतात, उच्चार चुकतो एवढंच. आणि तरी त्या होडीच्या दुकानात मी तीनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा तिथल्या बाईनं मला नमुन्याच्या कयाकमध्ये बसवलं, दुकानातच, फरशीवर. हातात वल्हं दिलं आणि विचारलं, "पाण्यावर कधी गेलायत का?" मी म्हणालो, "नाही, कधीच नाही." आणि बाबा, तेवढ्यात वाटलं की तुम्ही मागे उभे आहात. मी उठलो, थँक्यू म्हणालो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो.

तिथूनच मी आत्याला फोन लावला. आता ऐंशीच्या पुढे गेली तुमची बहीण, पण आवाज तसाच खणखणीत. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, बाबांना चाललं असतं का गं? ती इतकी हसली की तिला खोकला लागला. "अरे बाबू, तुह्या बापानं डोंगा सोडला कवा? तू नागपूरले गेला अन् दर इतवारी हा मानूस तलावावर. तुही माय त्याचे कपडे वेगळे धुये. तू सुट्टीत आला का बंद. जाळं माह्या घरी आणून ठेवे."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं त्याले, सांग पोराले. तर म्हने, नोकरीले लागू दे, मग मीच नेतो त्याले. दोघं जाऊ म्हने."

मी फोन ठेवला. रडलो, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. छातीवरून कुणीतरी धान्याचं पोतं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. मी इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला पाण्याची लाज वाटायची, आणि म्हणून मलाही वाटायला हवी. तुम्ही तर फक्त मला नोकरी लागायची वाट बघत होतात. आणि नोकरी लागायच्या आत तुम्हीच गेलात. डोळे पुसले, परत दुकानात गेलो. ती बाई म्हणाली, "चेंज्ड युअर माइंड?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी हो म्हटलं." ती म्हणाली, "गुड फॉर यू."

रविवारी आम्ही तिघं गेलो. लेकीनं कयाक गाडीच्या टपावर बांधायला मदत केली, बायको काठावर चहाचा थर्मास घेऊन बसली. ऊन चांगलं वर आलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत मी दोनदा भलतीकडेच गेलो, कारण आपला बांबू उभा असतो आणि हे वल्हं आडवं. मग खांद्यांना आठवलं. पाणकणसं होती तिथे शेवाळाचा तोच वास आला, मी वल्हं मांडीवर ठेवून दिलं आणि होडी आपोआप जाईल तिकडे जाऊ दिली. तास-दीड तासात तळहाताएवढे दोन मासे लागले. दोन्ही सोडले. काठावरून लेक ओरडत होती, "बाबा, आर यू ओके?" मी खूप दिवसांत इतका ओके नव्हतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. सोमवारी ऑफिसात पुण्याच्या एका मित्रानं विचारलं, "काय रे, वीकेंडला काय केलंस?" मी म्हणालो, "कयाकिंग." मासे धरायला गेलो होतो, असं नाही म्हणालो.