शेवटचा ओटीपी तुमच्या फोनवर

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. आईंना रक्तदाबाची गोळी आठवणीने द्या.

मी सेवा केंद्रात चाललेय. माझ्या नर्सिंगच्या नोंदणीचं नूतनीकरण करायची आज शेवटची तारीख. खरं तर घरबसल्या पाच मिनिटांचं काम. पण लग्नानंतर माझ्या सगळ्या कागदांवर तुम्ही तुमचा मोबाइल नंबर घातलात, आणि ओटीपी तीनदा विचारला तर तीनदा "मेसेज आलाच नाही" म्हणालात. मी वेडी, सरकारी सर्व्हरला शिव्या घालत बसले. काल तुमच्या फोनवर आईंच्या डॉक्टरांचा नंबर शोधताना तिन्ही ओटीपी दिसले. उघडून वाचलेले.

म्हणून आधी नंबरच बदलून घेतेय. गंमत बघा, त्यासाठीही जुन्या नंबरवर एक शेवटचा ओटीपी येतो. अकराच्या सुमारास येईल, दहा मिनिटं टिकेल. मी केंद्राच्या खिडकीपाशी उभी राहून फोन करेन. सहाच आकडे आहेत.

मी नोकरी करू नये असं वाटत असेल, तर तसं तोंडावर सांगा. भांडू. पण "आलाच नाही" म्हणू नका.

घराची चावी अजून माझ्याकडे आहे; ती परत द्यायची की नाही, ते अकराच्या फोनवर ठरेल.