‘र’खालची अक्षत

पनवेल, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९६. संध्याकाळ.

कीबोर्ड उलटा करून झटकला, तर वर्तमानपत्रावर पडलं काय? झेंडूच्या पाकळ्या, कुंकू आणि अक्षता! काल मी शेजारी सोनं द्यायला गेले, तेवढ्यात सासूबाईंनी शिलाई मशीन आणि विळीबरोबर माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा उरकली. तीही ओल्या बोटांनी.

आज दुपारपासून ‘र’ उमटत नाही. ‘र’शिवाय मराठी टाइप कशी करायची? उद्या सकाळी कॉलेजातले सर माझ्याकडे टायपिंगला दिलेल्या प्रबंधाची शेवटची पानं न्यायला येणार. पनवेलात नवा कीबोर्ड मिळत नाही आणि मुंबईला जायला वेळ नाही. चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. परत बसवताना दोन बटणांची अदलाबदल झाली, ती पुन्हा काढली. ‘र’खाली अडकलेला अक्षतेचा एक दाणा मात्र नुसता दिसतो. टाचणी घातली की आणखी आत सरकतो. मेला!

शेवटी ओरडलेच. "आई, अहो, हा काय पाटा-वरवंटा आहे का, कुंकू लावायला?"

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझं काम आहे म्हणून पुजलं. खेळणं असतं तर पुजलं असतं का?"

वर्षभर त्याच त्याला खेळणं म्हणत होत्या.

खाली मान घालून पुन्हा टाचणी घातली. दाणा निघाला नाही. ‘र’ अजून अडकतोच आहे.