नवी सुई

आप्पा, आज सकाळी पेन्शनच्या कार्यालयानं मला फोनवर सत्तावीस मिनिटं ताटकळत ठेवलं. माझा हयातीचा दाखला पोचला की नाही, एवढं एकच विचारायचं होतं. मी जिवंत आहे हे दर वर्षी लिहून द्यावं लागतं, आणि ते पोचलं का हे विचारायला फोनवर जिवंत माणूस मिळत नाही. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. आम्ही एखाद्याला लाइनवर थांबा म्हटलं तर आम्हीही थांबलेल्या असायचो; आमचा श्वास त्याला ऐकू जायचा. आता एक मशिनी बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग वाद्यं लावून निघून जाते. मी रिसीव्हर आपटणारच होते. पण जे वाजत होतं ते तुमचं होतं. व्हायोलिनचा तो संथ तुकडा, त्या तबकडीच्या पहिल्या बाजूचा शेवटचा. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता, मध्येच तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी खुर्ची ओढून बसले.

म्हणून हे लिहायला घेतलंय. हे पत्र कुठेच जायचं नाही हे ठाऊक असून डावीकडे समास सोडलाय. कॉन्व्हेंटची खोड, मरेपर्यंत जायची नाही. ती तबकडी तुम्ही खराब केलीत, ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले. एक्स्चेंजमध्ये डबे खाताना सांगितली, भाचरांच्या लग्नांत सांगितली. "आमच्या वडिलांनी लाँगप्लेला ग्रामोफोनची पोलादी सुई लावली!" एवढं म्हटलं की हशा व्हायचा. हल्ली कोणी हसत नाही. आधी समजावून सांगावं लागतं की जुन्या जाड तबकड्यांच्या रेघा रुंद असत, त्यांच्यावर पोलादी सुई चाले. लाँगप्लेच्या रेघा केसासारख्या, तिच्यावर ती सुई म्हणजे रेशमावर खिळा. एवढं समजावेपर्यंत मी दमते आणि ऐकणारा मोबाइल बघायला लागतो. त्यामुळे बऱ्याच वर्षांत ती गोष्ट सांगितलेली नाही. न सांगितल्यामुळे ती आत नीट दिसायला लागली आहे, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही.

डिलाईल रोडची आपली खोली डोळ्यांपुढे येते. भिंतीवर दोन कर्णे टांगलेले, त्यातल्या एकात आई कांदे ठेवते. खाटेखाली अॅम्प्लिफायर, आणि त्याच्यावर बसायचं नाही हा घरातला एकमेव कायदा. लग्न असो, सत्यनारायण असो, गिरणीच्या दारावरची सभा असो, सायकलला कर्णे बांधून तुम्ही निघायचात. दुसरे माईकवाले एका सुईवर दहा तबकड्या ओढायचे. तुम्ही दर बाजूला नवी सुई लावायचात. "सुई बोथट झाली की गाणाऱ्याचो गळो बसता," असं म्हणायचात आणि वापरलेली सुई वेगळ्या डबीत टाकायचात. चोरबाजारातून तीन चालींची मोटर आणून तुम्ही जुन्या पेटीत बसवली होतीत, नव्या संथ चालीच्या तबकड्याही वाजवता याव्यात म्हणून. सुईचा हात मात्र जुनाच राहिला, लोखंडी, पाव शेराचा. अर्धं काम तुम्ही बरोबर केलं होतंत, आप्पा. तेवढंच फार त्रासाचं झालं.

मी त्या कॉन्व्हेंट शाळेत गेले तीही तुमच्या कर्ण्यांमुळेच. सणाला मैदानात लाउडस्पीकर बांधायला तुम्ही दर वर्षी जायचात, आणि संगीताच्या सिस्टर गोव्याच्या होत्या. तुम्ही मालवणी बोलायचात, त्या कोकणी बोलायच्या, दोघं तासभर मासळीवर बोलायचात. त्यातून एक दिवस माझा प्रवेश झाला. मी फ्रॉक घालून जिना उतरले की खालच्या खोलीतल्या काकू ओरडायच्या, "बघा गो, मडम चालली राणीक भेटूक!" मी ताठ मानेनं निघून जायची. मराठी राज्य मागणाऱ्या चाळीत इंग्रजी कविता पाठ करणारी मी एकटीच. चाळीत मी मडम होते आणि वर्गात माईकवाल्याची मुलगी. दोन्हीकडे मान ताठ ठेवून ठेवून ती तशीच राहिली. लोकांना वाटतं स्वभाव आहे.

ती तबकडी मला बक्षीस मिळाली. स्नेहसंमेलनातल्या कवायतीची मी पुढारीण होते. सिस्टरांनी आपल्या लाँगप्लेच्या हलक्या मशिनवर तबकडी लावली, तुम्ही ते मशीन आपल्या कर्ण्यांना जोडलंत. तिच्यावर युरोपातल्या मोठमोठ्या रचनांमधले सोपे, गोड तुकडे तोडून एकत्र केलेले: एक मार्च, दोन वॉल्ट्झ, एक जिप्सींचा नाच असे आठ, मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेले. पुढे जाणकारांनी मला सांगितलं की असल्या संग्रहाला दर्दी लोक नाक मुरडतात. मुरडोत. तुम्ही आधी म्हणालात, "म्हणजे भेळच ती." मग तो संथ तुकडा लागला, आणि अॅम्प्लिफायरच्या बटणावरचा तुमचा हात तसाच राहिला. मी कवायतीच्या रांगेतून पाहत होते. तुकडा संपल्यावर तुम्ही सिस्टरांना विचारलंत, "ह्यात गाणारो नाय?" त्या म्हणाल्या, नाही. तुम्ही मान हलवलीत, कुणी एखादी अडचण सोडवून दिल्यासारखी.

निघताना सिस्टरांनी तबकडी माझ्या हातात ठेवली. पुढेमागे चांगलं मशीन येईल घरी, तोवर जपून ठेव, म्हणाल्या. मी ती ट्रंकेत फ्रॉकांखाली ठेवली. वाजवायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे एक वस्तू अशी होती जी चाळीत कुणाकडे नव्हती, एवढं मला पुरेसं होतं.

मग मराठी राज्य मागणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला. समोरच्या चाळीतला एक साचेवाला, गिरणीत माग चालवणारा, त्यात गेला. रोज पहाटे आपल्या नळावर पाणी भरायला यायचा, आईला वयनी म्हणायचा. शोकसभा परळच्या मैदानात ठरली आणि कर्णे तुमचे. आदल्या संध्याकाळी मी खाटेवर बसून इंग्रजी व्याकरणाचा गृहपाठ करत होते. तुम्ही दारात उजेडाला त्या तबकडीचं कव्हर धरून उभे होतात. मला आठवतं ते एवढंच, असं मी नेहमी सांगत आले.

सभेला मी आईबरोबर गेले. बायका एका बाजूला बसल्या होत्या. पुढारी यायचे होते, आणि माणसं येतच होती, गिरणीच्या पाळीवरून सरळ, केसांत कापूस घेऊन. एरवी सभेआधी तुम्ही सिनेमाची गाणी लावायचात. त्या दिवशी कर्ण्यातून व्हायोलिनं आली. माझी तबकडी! न विचारता! मी उठायला लागले तर आईनं मनगट धरलं. मग मी बाजूला पाहिलं. कुणी बोलत नव्हतं. साचेवाल्याची आई पुढे बसली होती. इतका वेळ ती एकसारखी हुंदके देत होती, ती गप्प होऊन कर्ण्याकडे बघायला लागली. तुकडा संपला. तुम्ही पुन्हा लावलात. एक स्वयंसेवक तरातरा तुमच्याकडे गेला.

"ओ माईकवाले, हे काय लावलंय? सायबाचा बँड? आपली माणसं गेलीत, काही लाज?"

"ह्याच्यात शब्द नाय, म्हणान लावलंय," तुम्ही म्हणालात. "शब्द बोलूक तुमचे पुढारी येतत मागसून."

जवळचे दोघेतिघे त्या प्रसंगातही हसले. स्वयंसेवक परत गेला. तिसऱ्यांदा लावलीत तेव्हा आवाजाबरोबर फोडणीसारखं तडतडायला लागलं होतं, आणि मध्यावर सुई अडकली. तेच तीन सूर, तेच तीन सूर. तुम्ही बोटानं सुईचा हात उचललात. मैदानातली शांतता मात्र पुढारी येईपर्यंत तशीच राहिली.

रात्री जेवताना मी फणकारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चुकलंच. विचारूक होया होता. पण दर खेपेक नवी सुई लावलंय हां." तुम्ही अभिमानानं सांगितलंत. नवी, धारदार, पोलादी सुई, तीनदा. बोथट असती तर कदाचित कमी नुकसान झालं असतं. तुम्हाला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा मान तुम्ही त्या तबकडीला दिलात, आणि त्यानंच ती गेली.

दोन-तीन आठवड्यांनी शाळेत सण होता. सिस्टरांनी मला तबकडी आणायला सांगितली, प्रार्थनेआधी तोच संथ तुकडा लावायला. मशिनवर ठेवली तर नुसती खरखर. साऱ्या मुली बघताहेत. सिस्टरांनी तबकडी उजेडात धरली. शेवटच्या तुकड्याच्या रेघा राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. कुणी केलं हे? "माय फादर," मी म्हटलं, चटकन, मोठ्यानं. तुम्ही तिथंच शिडीवर होतात, झाडाला कर्णा बांधत. खाली उतरलात. सिस्टरांनी कव्हर उलटं करून एका ओळीवर बोट ठेवलं. "फाटल्यान बरयलां तें वाचलें ना?" मागे लिहिलेलं वाचलं नाही का, असं विचारत होत्या. तुम्हाला इंग्रजी काय, मराठीही वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं; रागात विसरल्या असतील. तुम्ही टोपी काढलीत. "चूक माजी, सिस्टर," म्हणालात. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

मला अजून राग येतो. सिस्टरांचा येतो, त्या स्वयंसेवकाचा येतो, पोलादी सुया करणाऱ्या कारखान्याचाही येतो. आणि तुमचा येतो, कारण तुम्ही माझ्याकडे पाहायला हवं होतंत. त्या संध्याकाळी घरी येऊन मी तुम्हाला म्हटलं, "वाचता येत नाही तर हात कशाला लावता?" आईच्या हातातली पळी खाली पडली. "बापाशी अशी बोलतंस? शिकलंस म्हणान?" तुम्ही तिला म्हणालात, "बोलांदे. बोलूकच शिकवलाहा आपण तेका."

त्यानंतर तुम्ही मला कधीही काही वाचायला दिलं नाहीत. गावाकडची पत्रं पोस्टमनकडून वाचून घ्यायचात. मी एक्स्चेंजमध्ये लागले, दिवसभर साहेब लोकांशी इंग्रजीत बोलायची, आणि तुम्ही विजेचं बिल घेऊन खालच्या मजल्यावर जायचात. मी समजत होते की तुम्ही मानी आहात. परळच्या इस्पितळात शेवटी शेवटी मी उशाशी बसलेली असताना तुम्ही केसपेपर नर्सपुढे धरलात. "ह्यात काय म्हटलाहा, सिस्टर?" ती म्हणाली, "अहो, मुलगी बसली आहे ना शिकलेली?" तुम्ही म्हणालात, "ता दमलाहा." मी दमले नव्हते, आप्पा. आता दमले आहे.

आज फोनवर अखेर एक मुलगी आली. "बोला मॅडम, तुमची तक्रार काय आहे?" तुकडा ऐन मध्यावर तुटला होता. मी म्हटलं, "काही नाही. परत होल्डवर टाका." "मॅडम?" "अगं, ते संगीत लाव परत. पूर्ण ऐकायचंय." तिनं फोन ठेवून दिला. दाखला पोचला की नाही ते कळलं नाही. मी हयात आहे की नाही याचा निकाल आता सोमवारी.

मग ट्रंक उघडली. तबकडी आहे. बाकीचे सात तुकडे शाबूत आहेत, हे मी गोष्ट सांगताना कधी सांगितलं नाही. चांगलं मशीन घेण्याइतके बरे दिवस आले आणि गेले, मी घेतलं नाही. कव्हर पिवळं पडलंय. आणि त्या संध्याकाळचं मला आठवतं ते एवढंच नाही. तुम्ही दारातून विचारलंत, "ह्या मागे काय लिवला आसा गो? लावली तर चलात मा?" मी वहीतून वर न बघता म्हटलं, "काही नाही. गाण्यांची यादी आहे." मी वाचलं नव्हतं. वाचायचा कंटाळा आला होता, आणि तुमच्या विचारण्याचाही. सिस्टरांपुढे तुम्ही एवढं एकच वाक्य म्हटलं असतंत तरी पुरलं असतं: मी मुलीला विचारलं होतं.

आज चष्मा लावून ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगते. वर खरंच यादी आहे, आठ तुकड्यांची. खाली बारीक अक्षरात असं लिहिलंय: ही तबकडी फक्त लाँगप्लेच्या बारीक सुईनं, हलक्या हातानं वाजवावी. पोलादी सुई लावू नये. वाचायला अर्धं मिनिट लागलं.