आत्याच्या कोबीखालचा किल्ला

प्रिय ग्रिझेलआत्या,

मनापासून नमस्कार. पत्राला तीन आठवडे उशीर झाला, हे कबूल. दोनदा लिहायला बसलो होतो. पहिल्यांदा शाई नव्हती, दुसऱ्यांदा शाई होती पण धीर नव्हता. तुमचा गुडघा कसा आहे? ओबानची हवा मानवते ना? इकडे सगळं खुशाल (कोबी सोडून).

जाताना तुम्ही एकच काम सांगितलंत, प्रदर्शनाच्या कोबीला रोज पाणी. पहिल्याच दिवशी झारी गळकी निघाली. ती घेऊन लोहाराकडे गेलो, तर तो निघाला होता मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीला. म्हटलं, सोबत जावं. (एक कुत्रा तर आपल्या पाद्रीबाबांपेक्षा गंभीर होता!) परत आलो नवव्या दिवशी, झारीशिवाय. आता आपल्या ड्रमफिलीत नऊ दिवस पाऊस पडणार नाही, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

कोबी वाळला, पण आत्या, सरळ रेघेत! बाकी वाफा हिरवा आणि मधली एकच ओळ पिवळी, कुंपणापाशी काटकोनात वळलेली. तेवढ्यात आपल्या टॉशबाई तिकडून चालल्या होत्या. चाळीस वर्षं त्या इथला नाहीसा झालेला किल्ला शोधताहेत आणि गाव हसतंय. त्यांच्या हातातली काठीच गळून पडली.

"डूगल, शाळेत तुला कधी सरळ रेघ मारता आली नाही. ही कुणी मारली?"

"मी काहीच केलं नाही, बाई."

"तेच म्हणते! जन्मात पहिल्यांदा तुझ्या काही न करण्याचा उपयोग झाला. खाली भिंत आहे रे, गाढवा! तिच्यावर माती कमी, म्हणून तेवढीच ओळ वाळली."

हातभर उकरलं तर खरंच दगडी भिंत. बाई तिच्यावरच बसल्या आणि चहा तिथेच मागवला. हसत होत्या, डोळेही पुसत होत्या.

तुमचा भाचा,
डूगल

ता. क. कोपऱ्यातला एक गड्डा मात्र बिनपाण्याचा वासराएवढा झालाय. दरवर्षी प्रदर्शनात तुमच्याशी चुरस करणाऱ्या शेजारच्या पेट्रीचा गड्डा त्याच्यापुढे लिंबू! बाई म्हणतात, त्याखाली किल्ल्याचा संडास असणार. सरदारांचं सहाशे वर्षांचं खत. तो उकरला तर किल्ला सिद्ध, नाहीतर एडिनबरोचे पंडित भिंतीला मेंढवाडा म्हणून मोकळे होणार. ते गुरुवारी येताहेत, प्रदर्शन शनिवारी. तर गड्डा काढू का?

ता. क. दोन. फाटक वाजलं. पेट्री असेल म्हणून डोकावलो, तर साक्षात तुम्ही, पिशवीसकट, ठरल्याआधीच! थेट गड्ड्यापाशी गेलात, बाईंशी काहीतरी बोललात, आणि आता त्यांच्याकडे कुदळ मागताय. ती गड्ड्यासाठी की माझ्यासाठी, ते कळेपर्यंत मी खणलेल्या चरात भिंतीआड बसतो. सहाशे वर्षांनी किल्ला पुन्हा कामाला आला.